पाच एचपीची पाटी

अनुभव लिहिण्यासाठी माणसाचं वय किती असावं, याचा काही नियम असला तर मी त्यात बसत नाही. माझी नोकरी अडीच वर्षांची, तीही अर्ध्या दिवसाची. मी संपादकांना तसं कळवलं. त्यांनी उलट विचारलं, "चुका किती झाल्या?" मी मोजल्या आणि लिहायला बसले.

सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे मालक अप्पांचं. पण अडीच वर्षांत ‘आमचं’ म्हणायची सवय लागली आहे. पुढच्या बाजूला विजेच्या नव्या मोटरी विकतात आणि मागच्या बाजूला जळलेल्या मोटरी भरून देतात. भरणं म्हणजे आतली जळालेली तांब्याची तार काढून नवी बसवणं. पुढची बाजू अप्पांची, मागची रफिकचाचांची. चाचा गेली तीस-पस्तीस वर्षं मोटरी भरतात. मी कॉलेज सुटलं की तीन वाजता येते आणि या दोन बाजूंच्या मधोमध उभी राहते.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा दुसऱ्याच्या यंत्रमागावर टॉवेल विणतात, आई विड्या वळते, घरात आम्ही तेलुगू बोलतो. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे छापलेल्या अक्षराला आमच्याकडे फार मान आहे. औषधाची बाटली आणली की तिच्यावरचा सगळा मजकूर बाबा मला मोठ्याने वाचायला लावतात, बनवणाऱ्याच्या पत्त्यासकट, आणि मगच घोट घेतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

आमचं काम काय, तर गिऱ्हाइकाच्या यंत्राला योग्य ताकदीची मोटर निवडून देणं. ताकद एचपीत मोजतात. तयार कपड्यांसारखी मोटरींचीही ठरलेली मापं असतात: एक, दीड, दोन, तीन, पाच, साडेसात, दहा. लहान मोटर लावली तर ती ओझ्याखाली तापते आणि जळते. हे सगळ्यांना कळतं, कारण वास येतो. मोठी लावली तर काय बिघडतं, हे कुणालाच कळत नाही, कारण वास येत नाही. दोन माणसांच्या आमटीसाठी लग्नातलं पातेलं चुलीवर चढवावं, तसं ते असतं. आमटी होते, पण निम्मं सरपण पातेलं तापवण्यातच जातं. मोठी मोटर नुसती रिकामी फिरतानाही वीज पीत राहते, आणि वर्षानुवर्षं पीत राहते.

आमच्याकडे मात्र लग्नातलंच पातेलं खपतं. यंत्र बनवणाऱ्याच्या मते दोन एचपी पुरेसे असतात, पण उद्या आपल्यावर बोलणं नको म्हणून तो तीन सांगतो. वायरमन म्हणतो, सोलापूरचा उन्हाळा आहे, पाच घ्या. मालक म्हणतो, पुढंमागं धंदा वाढेल, साडेसात बघा. आणि दुकानात साडेसातची मोटर बरेच दिवस पडून असली, तर अप्पा म्हणतात, "दूरदृष्टी हाय बघा तुमच्याकडं."

‘एक साईज मोठी’ हे इथलं ब्रीदच आहे. मी दुकानात आले तेव्हा माझ्या पुस्तकात याच्या बरोबर उलट लिहिलं होतं, आणि ते छापलेलं होतं. त्यामुळे मला वाटलं, आपण सांगू आणि लोक ऐकतील.

पहिले ज्यांना सांगितलं ते गृहस्थ अकलूजकडचे. जनावरांचं खाद्य मिसळायचं यंत्र होतं त्यांचं. मी वही घेऊन पुढे झाले.

"यंत्रात एका वेळी किती किलो माल पडतो?"

"माल ऱ्हाऊ द्या. साडेसातची मोटर द्या."

"पण किलो कळले तर नेमकं सांगता येईल."

"मेव्हण्याची पाचची हाय," ते म्हणाले.

हा आकडा हिशेबात कुठे धरायचा ते मला कळेना. मी विचारलं, "मेव्हण्यांचं यंत्र केवढं आहे?"

"आमच्या दुप्पट हाय. म्हणून तर मोटर तरी मोठी पायजे की."

मी हिशेब केला आणि जरा चाचरत सांगितलं की तुमच्या यंत्राला तीन पुरेल. त्यांनी माझ्याकडे मायेनेच पाहिलं आणि अप्पांना म्हणाले, "पोरीला शिकू द्या. मला साडेसात द्या." अप्पांनी दिली. ते सुखात आहेत असं कळतं. मेव्हण्याने मध्यंतरी दहाची चौकशी केली.

तरी एकदा माझं ऐकलं गेलं. रंगकामाच्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपाला साडेसातची मोटर होती, ती जळाली. मी तिथे जाऊन दोन दिवस मोजमाप केलं आणि पाचची लावा म्हणून हट्ट धरला. ती उत्तम चालली, विजेचं बिल उतरलं, कारखान्याच्या मॅनेजरनी दुकानात पेढे पाठवले. अप्पांनी माझ्या हिशेबाचा कागद काउंटरच्या काचेखाली, सिद्धरामेश्वरांच्या फोटोशेजारी सरकवला. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं. त्यानंतर मी गिऱ्हाइकांशी बोलताना ‘वस्तुतः’ हा शब्द वापरायला लागले होते, असं चाचा सांगतात.

मग नवरात्रात होटगीच्या महानंदाकाकू आल्या.

काकू आणि त्यांच्या गल्लीतल्या आणखी चार बायका मिळून शेंगाचटणी करतात. आमच्याकडची शेंगाचटणी वाटत नाहीत, कुटतात. दाण्यांचं तेल सुटून ती ओलसर झाली पाहिजे. त्यासाठी काकूंनी एक यंत्र करून घेतलंय. चार लोखंडी मुसळं मोटरीने वर उचलली जातात आणि धाडकन खाली पडतात. या बायका आधी दुसऱ्यांच्या रानात रोजाने जायच्या. काकूंनी एकेकीच्या घरी जाऊन, सासवांची मनं वळवून त्यांना चटणीत आणलं होतं. "न्हाय चाललं तर परत खुरपं हातात घ्यायचं, आन गावानं हसायचं," असं त्या स्वतःच सांगायच्या. त्या दिवाळीत पहिल्यांदाच पुण्याच्या दुकानांची मोठी मागणी आली होती. दिवाळीआधीच्या शनिवारी टेम्पो माल न्यायला येणार होता. आणि यंत्राची जुनी मोटर आता कुरकुरायला लागली होती.

"नवीच द्या," काकू अप्पांना म्हणाल्या. "मधीच बसली तर कुटं पळू?"

"आधीची किती एचपीची?" मी विचारलं.

"पाचची म्हनत्यात."

"मग साडेसात घेऊन टाका काकू," अप्पा सवयीने म्हणाले.

मी म्हटलं, "वस्तुतः आधी मोजायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गाडीतून मी होटगीला गेले. यंत्र चालू होतं. मुसळं पडत होती, लसणाचा वास सुटला होता, बायका पदर खोचून दाणे ओतत होत्या. मोटर यंत्राच्या मागे, जाळीच्या आत, शेंगदाण्याच्या तेलकट धुळीने माखलेली. मी हात घालून तिची पाटी पुसली. प्रत्येक मोटरीवर अशी पत्र्याची पाटी असते; ताकद किती, वीज किती ओढणार, फेरे किती, सगळं तिच्यावर कोरलेलं. पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं: पाच एचपी, साडेसात अँपिअर. मी वायरीला मीटर लावला. आकडा सव्वाचारच्या आसपास नाचत होता.

आता जरासा हिशेब सांगते, घाबरू नका. साडेसात अँपिअर ओढू शकणारी मोटर फक्त सव्वाचार ओढते आहे. त्यातलेही काही ती रिकामी फिरली असती तरी ओढले असते. ते वजा केले, तर खरं काम उरतं जेमतेम दोन एचपीचं. हा ‘रिकामा’ आकडा मी पुस्तकातून घेतला. खरं तर यंत्र दोन मिनिटं रिकामं चालवून तो तिथंच मोजायला हवा होता. पण बायका कामात होत्या, माझ्यामुळे त्यांचा खोळंबा कसा करायचा, असं वाटून मला ‘थांबवा’ म्हणायचा धीर झाला नाही. लाजाळूपणा हा स्वभावाचा दोष समजतात. आमच्या धंद्यात तो मोजमापातला दोष असतो.

दुकानात परत येऊन मी जाहीर केलं: दोन एचपी. अप्पांनी काचेखालच्या माझ्या कागदाकडे बघितलं आणि बिलाची वही ओढली. मागून रफिकचाचांनी विचारलं, "बेटा, हाइट नापी क्या?"

"नाही चाचा, पाटी वाचली ना," मी म्हणाले.

चाचांनी मान हलवली आणि तार गुंडाळायला लागले. मला वाटलं, त्यांना पटलं.

नवी दोनची मोटर बसली. जुनी मोटर बदल्यात दुकानात आली आणि मागच्या भिंतीशी रांगेत जाऊन बसली. जाताना काकू मला म्हणाल्या, "पोरी, तुज्या शब्दावर घेतीया हां." मला ते वाक्य इतकं आवडलं, की मी ते घरी जाऊन आईला तेलुगूत सांगितलं.

तीन आठवड्यांनी, ज्या शनिवारी टेम्पो येणार होता त्याच्या आधीच्या मंगळवारी, काकू रिक्षातून आल्या. रिक्षात मागच्या सीटवर मोटर होती आणि काकू पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसल्या होत्या. मोटर खाली उतरवायच्या आधीच वास आला.

"पैल्या दिसापासनं सारखी बंद पडायची," त्यांनी सांगितलं. मोटर जास्त वीज ओढायला लागली की तिला आपोआप बंद करणारी एक व्यवस्था स्टार्टरमध्ये असते. तिच्यावर एक स्क्रू असतो. "मग वायरमन आला आन त्यानं तो स्क्रू पिळला. मग झकास चालली की."

"किती दिवस?" मी विचारलं.

"तीन."

अप्पांनी हाताच्या पालथ्या बाजूने मोटर चाचपली आणि हळहळत म्हणाले, "व्होल्टेज, काकू. होटगीकडं लई प्रॉब्लेम हाय व्होल्टेजचा."

इथे थांबून सांगायला हवं की आमच्या धंद्यात कुठलीही मोटर चुकीच्या निवडीने जळत नाही. ती व्होल्टेजने जळते. व्होल्टेज कुणाचं नातेवाईक नाही, ते दुकानात येऊन भांडत नाही, आणि त्याचं नाव घेतलं की गिऱ्हाईक आणि दुकानदार लगेच एका बाजूला होतात. काकूही होऊ लागल्या होत्या. "व्हय, संध्याकाळचं दिवं बारीक हुत्यातच," त्या म्हणाल्या.

मी मात्र मागे गेले होते. हिशेब चुकला कुठे, ते मला कळत नव्हतं. वही काढून पुन्हा केला. पुन्हा दोनच आले. चाचा उठले, भिंतीशी ठेवलेल्या काकूंच्या जुन्या मोटरीपाशी गेले आणि खिशातून त्यांची पत्र्याची पट्टी काढली. त्या पट्टीवर कानशीने पाडलेल्या काही खुणा आहेत. मोटरीच्या पायापासून मधल्या दांड्यापर्यंतची उंची दोन एचपीला नव्वद मिलिमीटर असते, तीनला शंभर, पाचला एकशे बारा. चाचांनी पट्टी मोटरीला टेकवली आणि मला बोटाने खूण दाखवली. शंभर.

मोटर तीन एचपीची होती. पाटी पाचची.

तीन एचपीची मोटर सव्वाचार अँपिअर ओढते, म्हणजे ती जवळपास पूर्ण ताकदीनिशी राबत होती. मी तिला निम्मी रिकामटेकडी ठरवलं होतं. "पाटी झूट बोलती बेटा," चाचा म्हणाले. "पाँव झूट नै बोलते."

आता या पाट्यांचं सांगते. मोटर भरायला आली की तिची पाटी काढून ठेवतात, नाहीतर ती रंगात बुडते. काढलेल्या पाट्या आमच्याकडे बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात टाकतात. मोटर भरून, रंगवून झाली की डब्यातून एक पाटी काढून रिबिटांनी, म्हणजे रिव्हेटच्या बारीक खिळ्यांनी, ठोकतात. तिची तिचीच पाटी मिळाली तर चांगलंच. नाही मिळाली तरी कुणी अडत नाही. विनापाटीची मोटर मात्र कुणी हातात घेत नाही. चाचांना पाटीची गरजच नसते, त्यामुळे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. आणि मला त्या दिवशी चीड आली. किती बेफिकीर लोक असतात, कुणीतरी कशी ही पाटी ठोकली असेल, असं मनात म्हणत मी खाली वाकले आणि पाटी बघितली.

तिला तीन कोपऱ्यांत रिबिटा होत्या आणि चौथ्यात पितळी स्क्रू.

तो स्क्रू मी ओळखला. दुकानात लागल्यावर पहिल्या महिन्यात मला रंगाचं आणि पाट्यांचंच काम होतं. एकदा रिबिटा संपल्या, तेव्हा मी घरून एक स्क्रू आणला होता. बाबांनी मागाच्या सुट्या सामानाच्या पिशवीतून शोधून दिलेला. ती मोटर कुणाची हे तेव्हा मी विचारलं नव्हतं. डब्यातल्या पाट्यांमधून ही का निवडली, तेही आठवलं. सगळ्यांत चकचकीत तीच होती.

पुढच्या बाजूला अप्पा काकूंना सांगत होते, "नवी लावून देतो, कमी-जास्त बघू. पण लाईटवाल्यांकडं एक अर्ज टाका तुम्ही." काकू मान डोलवत होत्या. मी गप्प राहिले असते, तर सगळं तिथंच मिटलं असतं. माझा कागद काचेखाली राहिला असता. पण मग काकूंना पुन्हा मोटर लावताना कुणीतरी पुन्हा ‘आधीची पाचची होती’ याच्यावरून सुरुवात केली असती. आणि शनिवारपर्यंत चारच दिवस होते. खरं सांगायचं तर एवढा विचार मी नंतर केला. तेव्हा नुसते पाय पुढे गेले.

"काकू, व्होल्टेज नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. तुमची मोटर पाचची नव्हती, तीनची होती. पाटी चुकीची होती, आणि मी पाटी वाचली."

काकूंनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी फोटोकडे पाहिलं.

"पाटी चुकीची कुनी लावली मग?" काकूंनी विचारलं.

"मी."

काकू सावकाश म्हणाल्या, "म्हंजी तूच लावली, आन तूच वाचली व्हय?"

मागच्या बाजूला चाचांना खोकला आला.

"मोटर आमी तीनचीच घेतल्याली," काकू पुढे म्हणाल्या. "दोन वर्सामागं तुमच्याकडं भरायला टाकली, आन घरी आली तर वायरमन म्हनला, पाचची हाय. आमी म्हनलं, भरताना वाढवून दिली आसंल. शेरातलं दुकान हाय."

हे मी मोजायला गेले त्या दिवशी विचारलं असतं, तर त्यांनी तेव्हाच सांगितलं असतं. पण मी पाटीला विचारलं होतं, काकूंना नाही.

मग त्यांचा आवाज बदलला. "शनिवारचं काय करायचं, ते बोला. मी चौगींना शब्द दिलाय. टेम्पो रिकामा गेला तर म्होरच्या वर्षी त्यो दुसरीकडं जानार. आन ह्या चौगी परत रानात. मंग तुज्या खरं बोलन्याची चटनी करू का?"

तीन एचपीची नवी मोटर दुकानात नव्हती. दिवाळीची गर्दी, गावातल्या इतर दुकानांतही नव्हती. अप्पांनी सहा-सात फोन केले. साडेसातच्या होत्या, पाहिजे तेवढ्या. शेवटी चाचाच म्हणाले, "तीन की मोटर तो इधरच बैठी है." भिंतीशी, पितळी स्क्रूसकट, काकूंची जुनी मोटर बसली होती. बेअरिंग गेलं होतं, तारही थकली होती, पण ती भरता येत होती. "परसों शाम को देता," चाचांनी सांगितलं आणि हातातलं दुसरं काम बाजूला सारलं.

म्हणजे एवढं मोजून, वजा करून, ‘वस्तुतः’ म्हणून शेवटी जी योग्य मोटर निघाली ती काकूंकडे आधीपासून होतीच. मी ती काढून आणली होती, एवढीच काय ती माझी कामगिरी.

बुधवारी मी कॉलेज बुडवून होटगीला गेले. कुणी बोलावलं नव्हतं. पाच जणी दोन उखळं घेऊन आळीपाळीने हाताने कुटत होत्या. काकूंनी मला बघितलं, पदराने मुसळाची मूठ पुसली आणि माझ्या हातात दिली.

पुस्तकात लिहिलेलं असतं, की माणूस दिवसभर राबला तर साधारण एचपीच्या दहाव्या हिश्शाइतकं काम करतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि मला गुणही मिळाले होते. त्या दिवशी ते तळहाताला कळलं. आम्ही सहा जणी मिळून जेमतेम अर्ध्या एचपीच्या वर होतो. मी एकटीने या यंत्राचा एक अख्खा एचपी कागदावर उडवून टाकला होता; म्हणजे दहा बायका. तासाभरात फोड आले. शेजारची एक जण म्हणाली, "इंजिनेर बाई, जरा मोठ्या साईजची पायजे हुती तू." सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत, पण दुपारी भाकरी वाढताना माझ्या ताटात चटणी जास्त घातली. हाताला फोड असताना ती चटणी खाणं सोपं नसतं. मी खाल्ली.

गुरुवारी संध्याकाळी चाचांनी मोटर दिली. मी गाडीत तिच्याशेजारी बसून होटगीला नेली, बसवली, आणि या वेळी म्हणाले, "आधी रिकामी चालवायची आहे. दोन मिनिटं थांबा सगळ्या." थांबल्या. त्यात काहीच अवघड नव्हतं. मोजून झाल्यावर स्टार्टरवरचा तो स्क्रू मी योग्य आकड्यावर आणला आणि वायरमनला समोर बोलावून दाखवला. शुक्रवारभर मुसळं पडत होती. शनिवारी सकाळी येणारा टेम्पो सकाळी आला. माल दुपारी तीनला भरून झाला. तोवर ड्रायव्हरला तीनदा चहा आणि एकदा जेवण मिळालं, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. बायका रानात परत गेल्या नाहीत. हे मी मुद्दाम वेगळं लिहिते, कारण ते मला अजूनही अधूनमधून स्वतःला सांगावं लागतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते मला अम्मा म्हणतात. तेलुगू घरात मुलीला लाडाने म्हणतात तसं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "दोन वर्षांत स्क्रू ढिला झाला नव्हता ना, अम्मा?" नाही म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं.

अप्पांनी मला कामावरून काढलं नाही. माझा कागदही काचेखालून काढला नाही. चहाचा एक कप कायमचा त्याच्यावर ठेवायला लागले, एवढंच. मी पाट्यांचा डबा फेकून द्या म्हणाले, तेव्हा म्हणाले, "पोरी, पाटी ही मोटरीची अब्रू असती. अब्रू कुणी फेकतं का?" मग मी माझ्यापुरता एक उपाय केला. भरायला आलेल्या प्रत्येक मोटरीची उंची मोजते आणि तिच्या पायाच्या आतल्या बाजूला, जिथे पाटी लागूच शकत नाही, तिथे आकड्याचा ठसा ठोकते. त्यावर रंग बसतो, पण बोट फिरवलं की लागतो. चाचांनी मला एक पत्र्याची पट्टीही कापून दिली. खुणा मात्र मलाच पाडायला लावल्या.

दिवाळीनंतर होटगीचे एक गृहस्थ आले. मिरची कांडपाचं यंत्र घालत होते. अप्पा पुढे झाले तर म्हणाले, "तुमी न्हाय. ती पोरगी कुटं हाय? महानंदाकाकूनं पाठवलंय."

अडीच वर्षांत माझं नाव घेऊन आलेलं हे पहिलं गिऱ्हाईक. मी वही घेतली, पुढे झाले आणि विचारलं, "काय म्हणाल्या काकू?"

"म्हनल्या, पोरगी खरं बोलती. चुकली तर तोंडावर सांगती. ती जे माप सांगंल ते इश्वासानं लिहून घ्यायचं," ते म्हणाले, "आन त्याच्या एक साईज वरची आनायची."

मी दोन दिवसांनी त्यांच्या गावी जाऊन यंत्र बघितलं. दुकानातली एक मोटर तात्पुरती लावून भरलेलं मोजलं, रिकामं मोजलं, मालकांना विचारलं, कामगारालाही विचारलं. हिशेब एक पूर्णांक सहा एचपीचा आला. या मापाची मोटर बाजारात नसते. दीडची असते, ती कमी पडली असती. आणि तिच्या वरची दोनची. मी दोनची द्यायला सांगितली.

मोटर गाडीत चढवताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एक साईज वरचीच हाय न्हवं?"

"हो," मी म्हणाले. खोटं बोलले नाही.

मोटर कारखान्यातून आलेली, कोरी होती, पाटीही तिची तिचीच. तरी ती गाडीत चढवण्याआधी मी खाली बसून पट्टी टेकवली होती. नव्वद भरली.